सातारवाल्यांचा मुऱ्हाळी

तुमचं शिबिर कसं होतं, असं हल्लीची मुलं विचारतात तेव्हा मला धड सांगता येत नाही. त्यांच्या शिबिरात तंबू असतात, रंगीत टोप्या असतात, सकाळी शिट्ट्या वाजतात. आमच्या शिबिरात ज्वारीचं पीठ होतं, ओली धोतरं होती आणि डोकं तापवणारं ऊन होतं. पण ते शिबिरच होतं, कारण ते चालवणाऱ्या बाई त्याला शिबिर म्हणत, आणि बाईंच्या शब्दापुढे आमच्या गल्लीत कोणाचं काही चालत नसे.

आम्ही तेव्हा बुऱ्हाणपुरात नवे होतो. तसं येऊन दोन वर्षं होत आली होती, पण गावाच्या हिशेबानं दोन वर्षं म्हणजे कालची गोष्ट. वडिलांना कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी लागली आणि साताऱ्याकडचं बिऱ्हाड उचलून आम्ही तिघं तापीच्या काठी आलो. आडनाव कोणी विचारलं नाही. आम्ही ‘सातारवाले’ झालो, आणि आमच्या दारातल्या तुळशीलासुद्धा ‘सातारवाल्यांची तुळस’ म्हणत.

मी आठवीत होते आणि भयंकर चिडकी होते. हिंदी शाळेत पहिल्याच आठवड्यात मला धडा वाचायला उभं केलं, वर्ग हसला, आणि मी खाली बसले ती पुन्हा उठले नाही. गुरुजींनी नाव पुकारलं तरी ढिम्म. गल्लीतल्या मुली बोलायला आल्या तर मी दाराआड. त्यांची मराठी मला निम्मी कळायची आणि माझी मराठी ऐकून त्या म्हणायच्या, ही पुस्तकातून बोलते. घरी मात्र माझं तोंड सुरू असायचं, आणि त्यातून एकच निघायचं: मला मामाकडे पाठवा. मामा कराडला शाळेत मास्तर होता. आजी होती, घरामागे विहीर होती, ओळखीच्या मैत्रिणी होत्या. तिथं राहून शिकेन, इथं मरून जाईन. दोन वर्षं हेच तुणतुणं.

शेवटी वडील कंटाळले. म्हणाले, “वार्षिक परीक्षा दे. मग मामाला बोलावतो.”

आई काही म्हणाली नाही. भाकरी थापत होती, थापत राहिली. तिचा होकार आहे असं मी धरून चालले. मला भावंड नव्हतं, आईला गावात बोलायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, या गोष्टी मला माहीत होत्या, पण त्यांचा आपल्याशी काही संबंध असेल हे तेराव्या वर्षी कोणाच्या डोक्यात येतं? मामाचं उत्तर आलं की तो अक्षय्यतृतीयेच्या चार दिवस आधी येईल. मामाचा मुहूर्तावर फार विश्वास. अक्षय्यतृतीयेला भाची घरात आली की तिची विद्या अक्षय राहणार, असं त्याचं गणित होतं. माझ्या मार्कांकडे बघता विद्या अक्षय राहिली तर उलट काळजीच होती, पण मामाला ते कोण सांगणार.

मामा येईपर्यंत मोकळे तीन आठवडे होते, आणि तेवढ्यात बाईंनी मला पकडलं.

बाई आमच्या पलीकडच्या घरात राहत. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या, उंच, काळ्यासावळ्या, डोक्यावर पदर आणि काखेत छत्री. गावात बाहेरून आलेली पोरं उन्हाळ्यात घरात कोंडून बसतात आणि शाळा उघडली की पुन्हा मुकी होतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. म्हणून परीक्षा संपल्या की त्या अशा पोरापोरींना गोळा करत. आम्ही डझनभर असू. हातमागाच्या कामासाठी उत्तरेकडून आलेल्या घरांतल्या दोघी, खाकनारकडच्या खेड्यांतून शिकायला शहरात खोली करून राहिलेली काही मुलं, आणि मी. आईनं मला हाताला धरून नेऊन बाईंच्या ओट्यावर बसवलं.

“बोलती का न्हाई हे?” बाईंनी विचारलं.

“घरात बोलते,” आई म्हणाली.

“घरात तर भांडेबी वाजतेत. चाल व, हात धू.”

बाईंचं शिबिर म्हणजे वाळवणं. रोज सकाळी उजाडायच्या आत त्या आम्हाला एकेका घराच्या गच्चीवर नेत आणि त्या घरचे बिबडे आमच्याकडून घालून घेत. बिबडे म्हणजे ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे पापड. पिठाचा गरम गोळा ओल्या धोतरावर ठेवायचा, पाण्याचा हात लावून तो पातळ होईतो थापत जायचा, आणि उन्हाच्या हवाली करायचा. ऊन चढायच्या आत गच्ची भरली पाहिजे. घरच्या बायका आमच्याबरोबर बसत. काम करताना बोलणं आपोआप निघे, आणि बाईंचा नियम एकच होता: ज्या घरची गच्ची, त्या घरची बोली. पाणी मागायचं तर त्यांच्यासारखं मागायचं. नाहीतर तहानलेलं राहायचं. दहा वाजता ओट्यावर येऊन प्रत्येकानं आज काय ऐकलं ते सांगायचं, की सुटी.

फुकट बिबडे घालून मिळतात म्हणून बायका बाईंच्या शिबिराला नावाजत, असं मी पहिल्या दिवशी मनाशी म्हटलं. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. पण फुकटच्या कामातून एक झालं खरं. पंधरा दिवसांत पंधरा घरांत आमचं येणं-जाणं सुरू झालं. कोणाची सासू खवट आहे, कोणाच्या लोणच्यात मीठ जास्त पडतं, कोणाचा मुलगा खंडव्याला जाऊन पत्ते कुटतो, हे सगळं आम्हाला ठाऊक झालं. गावातलं माणूस व्हायला आणखी काय लागतं?

मी चार दिवस तोंड उघडलं नाही. चार दिवस बाईंनी मला पाणी दिलं नाही, म्हणजे देऊ दिलं नाही. मी घरून तांब्याभर पिऊन जाई, तेवढ्यावर निभावे. पाचव्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या मुलीनं मी थापलेल्या बिबड्यावर कोपर टेकवलं. ही तुकईथड गावची. घरची केळीची शेती, थोरल्या भावाबरोबर शहरात खोली करून शिकायला आलेली, अंगानं दांडगी आणि हसली की गच्ची हलेल अशी. कोपर तिनं मुद्दाम टेकवलं होतं.

मी म्हणाले, “ए म्हशे, दिसत नाही का?”

गच्चीवर सगळ्यांचे हात थांबले. बाई उठून आल्या. मला वाटलं आता छत्री बसणार. त्यांनी तुकईथडच्या मुलीला विचारलं, “कोन बोललं व?”

“हे बोलली,” ती म्हणाली, आणि असं हसली जणू तिलाच बक्षीस मिळालंय.

“चांगलं बोलली. पन म्हैस कशाले म्हनते, एवढी गोड पोरगी. अशानं गौराईले कशी टिकशील? शिकव व हिले.”

मग कळलं की शिबिराचा खरा धडा वेगळाच होता. आम्ही अक्षय्यतृतीया म्हणतो ती तिकडे आखाजी. आखाजीच्या आधी मुली टोपल्यांत गहू पेरून गौराई बसवतात, रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात, आणि सणाच्या दिवशी तिला घेऊन तापीच्या राजघाटावर जातात. तिथं दोन गल्ल्यांच्या मुली समोरासमोर आल्या की भांडतात. खरंखुरं नव्हे, पण खोटं म्हणावं तर तेही नाही. एकीनं दुसरीच्या गल्लीला, घराला, लग्नाला, स्वयंपाकाला टोचून बोलायचं, पलीकडून तसंच उत्तर यायचं, आणि जिचं तोंड आधी बंद होईल तिची गल्ली हरली. वर्षभर ज्या मुलींना ‘हळू बोल’ म्हणून दटावतात त्यांना त्या दिवशी गावादेखत तोंड सोडायची मुभा. शिबिराचा समारोप म्हणजे हाच सामना, आणि बाईंची नवखी पलटण त्यात उतरणार होती.

तर मग दहानंतर ओट्यावर आमची तालीम सुरू झाली. बाई पंच. नियम दोन: कोणाच्या शरीराच्या व्यंगावर बोलायचं नाही आणि मेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही. बाकी सगळं माफ. तुकईथडची माझी गुरू. ती म्हणे, “तुमच्या गल्लीची डाळ एवढी पातळ, की तापी पार करायले नाव लागत न्हाई पन डाळ पार करायले लागते.” मी उत्तर शोधी. पहिल्या दिवशी सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सुचलं. आठवड्यानं ती म्हणाली, “आता तू बोलायले लागली तर मले बोलूच देत न्हाई.” माझ्या आयुष्यातलं पहिलं प्रशस्तिपत्रक ते.

मला ते शिबिर आवडायला लागलं होतं. हे मी घरी मुळीच कळू दिलं नाही. दोन वर्षं कराडकराड करून घर डोक्यावर घेतलेल्या माणसानं कोणत्या तोंडानं सांगायचं की मला आता तीन आठवड्यांत इथं बरं वाटतंय? शिवाय बाईंनी मला आमच्या बाजूची पहिली बोलणारी केलं होतं. मामा येणार, मी सणाच्या आधीच जाणार, हे मी शिबिरात कोणाला सांगितलं नव्हतं. उद्या सांगू म्हणत होते. आईनंही गल्लीत कोणाला सांगितलं नव्हतं, ते मला मागाहून कळलं.

आखाजी आठवड्यावर आली आणि गल्लीत अनोळखी पुरुष दिसू लागले. कोणी सायकलवर, कोणी बैलगाडीतून, कोणी देडतलाईच्या बसमधून उतरून चालत. खांद्यावर पिशवी, धुतलेला सदरा, तोंडावर जरा लाजल्यासारखं हसू. एकेका घरापुढे थांबायचे, आतून बाई धावत बाहेर यायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई नवं लुगडं नेसून त्याच्याबरोबर निघून जायची. अशाच एका दिवशी बाईंनी आमच्या घरची गच्ची घेतली होती. कठड्याशी बसून आई बिबडे थापत होती आणि खाली बघत होती.

“हे लोक कोण?” तिनं बाईंना विचारलं.

“मुऱ्हाळी. आखाजीले भाऊ येतो बहिनीले न्यायले. सालभर सासरी राबली, मग आखाजीले माहेरी जाऊन झोका खेळायचा तिनं. सासू कितीबी कडक असली तरी या टायमाले न्हाई म्हनत न्हाई.”

“आमच्याकडं नागपंचमीला येतात,” आई म्हणाली.

“मग आला का तुमचा भाऊ नागपंचमीले?”

“लांब पडतं हो त्याला.”

“दोन सालात एकबी बार न्हाई?”

“यांचं जेवणखाण असतं. घर कोणाच्या गळ्यात घालून जायचं?” आई म्हणाली, आणि तिनं पुढचा गोळा घेतला. तो बिबडा तिनं इतका थापला की धोतराचा धागा न् धागा त्यातून दिसायला लागला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मी पाहिलं. आणि मग मी नेहमीप्रमाणे चिडले. कोणावर, ते मलाही सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी मामा आला. सकाळची वेळ, गल्लीत पाणी भरणं चाललेलं. डोक्यावर टोपी, हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर पिशवी, आणि प्रवासानं चेहरा धुळीचा. त्यानं एका बाईला विचारलं, “ते साताऱ्याकडचे कुठं राहतात? मी त्यांच्या मंडळींचा भाऊ.”

आखाजीच्या आठवड्यात बहिणीच्या दारी पेटी घेऊन आलेला भाऊ. त्या गल्लीत याचा अर्थ एकच होतो. ती बाई घागर तिथंच ठेवून ओरडत सुटली, “सातारवालीचा मुऱ्हाळी आला! मास्तरीनबाई, सातारवालीचा मुऱ्हाळी आला हो!”

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. मामाला बघून तिला हसू आणि रडू एकदमच आलं. ती काही बोलणार तोवर बायकांनी तिला घेरलं. एकीनं मामाच्या पायांवर पाणी घातलं, दुसरीनं घरून गूळ आणला. मामाला ओट्यावर बसवून पंखा घालायला लागल्या. मामा कराडच्या शाळेत मास्तर होता, पण इतका मान त्याला साहेबाच्या तपासणीच्या दिवशीही मिळाला नसेल. तो भारावून गेला. या गावचे लोक फार अगत्याचे, असं तो वडिलांना हळूच म्हणाला.

“कधी नेता मग?” बाईंनी विचारलं.

“परवा सकाळच्या गाडीनं,” मामा म्हणाला. तो माझ्याबद्दल बोलत होता. ऐकणाऱ्यांत ते ठाऊक असलेली माणसं तीनच होती: आई, वडील आणि मी. तिघंही गप्प.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरात जे चाललं ते मी आजन्म विसरणार नाही. कासाराला बोलावून आणलं, बायकांनी आईच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. कोणी खण दिला, कोणी नारळ. माहेरी रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणून प्रत्येक घरातून काही ना काही आलं: बिबडे, शेवया, केळ्यांची फणी, दराबा या तिथल्या मिठाईचा डबा. आपल्या गच्चीवर आपणच थापलेले बिबडे कराडला निघालेले बघून शिबिरातली पोरं खूष होती. बाईंनी आईच्या डोक्याला तेल घातलं, वेणी घातली. आई “अहो नको, अहो कशाला” म्हणत होती. पण तिनं एकदाही असं म्हटलं नाही की भाऊ मला न्यायला आलेला नाही.

आणि मी? मी जळत होते. हा निरोप माझा होता. बांगड्या माझ्या हातात भरायला हव्यात, दराबा माझ्यासाठी, तेल माझ्या केसांना. पायरीवर बसून मी तोंड फुगवलं. तेवढ्यात आईनं बांगड्या भरलेला हात उन्हात धरला आणि मनगट इकडून तिकडे फिरवून पाहिलं. ती तेव्हा पस्तिशीची असेल. मला ती तशी कधी दिसलीच नव्हती. ती कोणाची तरी मुलगी आहे, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आणि मग हेही कळलं की मी दोन वर्षं रडून मागत होते ते आईचं माहेर होतं. तिची आई, तिची विहीर, तिचा भाऊ. मी ते मागून घेतलं होतं, आणि तिनं भाकरी थापत थापत देऊनही टाकलं होतं.

संध्याकाळी जेवायला बसलो. आई वाढत होती, बांगड्या वाजत होत्या. मामाला एव्हाना काहीतरी उमगलं होतं.

“ताई,” तो म्हणाला, “या बायकांना वाटतंय की तुला न्यायला आलोय.”

“हो रे. उद्या सांगते मी त्यांना. आजच सांगणार होते.” आई हसली. “बांगड्या तेवढ्या राहू देत.”

वडिलांनी घास खाली ठेवला. माझा आवाज मोठाच निघाला.

“आईला ने,” मी म्हणाले. “मला शिबिर पुरं करायचंय.”

“म्हणजे?” मामा म्हणाला. “मी तुला न्यायला आलोय.”

“गौराई आहे आमची. मी पहिली बोलणारी आहे. मी गेले तर आमची गल्ली हरेल.”

“आणि कराडची शाळा?”

“शाळा जूनमध्ये असते. आखाजी आत्ता आहे.”

आईनं भाताचं पातेलं खाली ठेवलं. “काहीतरी बोलू नकोस. यांच्या जेवणाचं काय? पाणी कोण भरणार? दूधवाल्याला कोण बघणार?”

“मला पिठलं येतं,” वडील म्हणाले.

आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत राहिलो. वडिलांनी आयुष्यात चुलीकडे पाठ करून बसण्यापलीकडे स्वयंपाकघरात काही केलेलं नव्हतं.

“तुम्हाला चूल पेटवता येत नाही,” आई म्हणाली.

“ते हिला येतं. ती चूल पेटवेल, मी पिठलं करेन. तू जा.” मग ताटात बघत ते म्हणाले, “मी आधीच म्हणायला पाहिजे होतं.”

आई पदर तोंडाशी धरून आत गेली. आतून पेटी ओढल्याचा आवाज आला. मामानं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि परत भात मागितला, पण वाढायला कोणी नव्हतं, म्हणून तो त्यानं स्वतःच घेतला.

सकाळी निम्मी गल्ली टांग्यामागून निघाली. आईला गाडीत बसवून बाईंनी मामाला बजावलं, “पंधरा दिवसाच्या आत आनायची न्हाई. आनली तर मी परत धाडीन.” आई खिडकीशी होती. तिनं मला दोनदा सांगितलं की डाळीचा डबा वरच्या फळीवर आहे, आणि तिसऱ्यांदाही तेच सांगायला लागली तेव्हा गाडी हलली. मी रडले. मोठ्यानं, फलाटावर, तुकईथडच्या मुलीदेखत. तिनं मला न हसता आपला रुमाल दिला, त्याला केळीच्या चिकाचे डाग होते.

वडिलांचं पिठलं दोन दिवस खाल्लं. तिसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांना आपल्या घरी जेवायला बोलावलं आणि वडिलांनी ते इतक्या पटकन कबूल केलं की मला हसू आवरेना.

आखाजीला राजघाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर बायका, कठड्यावर पोरं, पाण्याच्या कडेला गौराईच्या टोपल्यांतले पिवळे कोंब. आमच्या डोक्यांवरही टोपल्या. पलीकडच्या पायऱ्यांवर शेजारच्या गल्लीच्या मुली उभ्या होत्या, सगळ्या इथंच जन्मलेल्या, सगळ्या पटाईत. सुरुवात त्यांनी केली. डाळीवर झालं, चपलांवर झालं, आमच्या गल्लीतल्या बोळात बैलगाडी अडकते त्यावर झालं. मी उत्तरं देत होते. तुकईथडची मागून मला शब्द पुरवत होती आणि मला त्यांची गरज पडत नव्हती.

मग त्यांच्यातली एक उंच मुलगी पुढे आली. “तुमच्या पलटनीत कोन हाय? सगळे उसने आनलेले. इनच्या मायले कोन इचारतं? आखाजीले कोनाचा मुऱ्हाळीबी येत न्हाई.”

हातमागवाल्यांच्या मुलींनी मान खाली घातली. त्यांच्याकडे खरंच कोणी आलं नव्हतं.

मी टोपली खाली ठेवली. “माझ्या मायचा मुऱ्हाळी आला,” मी म्हणाले, आणि मला जाणवलं की घाट ऐकतोय. “आला, घेऊनबी गेला. तुले पाहायचं असंल तर कराडले जा, झोका खेळून राहिली तिथं. आन या दोघींच्या मायले आम्ही नेतो आज आमच्या घरी. आमची गल्ली एवढी मोठी हाय, का माहेर कमी पडत न्हाई. तुमच्या गल्लीत हाय का एवढी जागा?”

पलीकडून उत्तर आलं नाही. बाई पंच म्हणून तटस्थ राहायच्या, पण त्यांनी छत्री वर केली. त्या संध्याकाळी त्या दोघींच्या आया बाईंच्या अंगणातल्या लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसल्या. आधी लाजल्या, मग उतरेचनात. मला त्या रात्री जेवढी शांत झोप लागली, तेवढी त्या गावात आधी कधी लागली नव्हती.

आई तीन आठवड्यांनी आली. जरा काळी पडली होती, जरा जाडही झाली होती. जून आला, शाळा उघडली, गुरुजींनी नाव पुकारलं आणि मी उभी राहिले. कराडच्या शाळेचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही, मी तर नाहीच नाही. पुढच्या आखाजीला मामा कोणी न बोलावता आला. या वेळी कोणाला न्यायचं हे विचारावं लागलं नाही. तेव्हा ओट्यावर बसून चहा पिता पिता त्यानं मला आदल्या वर्षीचं सांगितलं. आई कराडला दारात उतरली तेव्हा आजीला काही कळेना. नातीची वाट बघत बसली होती, आणि समोर लेक. आजीनं तिचा चेहरा दोन्ही हातांनी कुरवाळला आणि जुन्या बायका विचारतात तसं विचारलं, “कोणी धाडलं गं तुला? जावईबापूंनी?”

“नाही,” आई म्हणाली. “माझ्या लेकीनं धाडलं.”